औषधाच्या डब्यावरचं बारीक अक्षर

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



किल्ल्याच्या आणि मन-म्हैस संगमाच्या आठवणी माझ्याआधी बोलणाऱ्यांनी काढल्याच आहेत. मी गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीबद्दल बोलते. इथल्या काही मुलामुलींना मी चार दिवस शिकवलं. कॉम्प्युटरवाली ताई ॲप शिकवेल असं त्यांना वाटलं होतं. मी शिकवला कायदा. मी वकील नाही. पण आमच्या धंद्यात काही बिघडलं की पहिला प्रश्न हाच असतो: वापरणाऱ्यानं चुकीचं बटण दाबलं, की आम्हीच ते चुकीच्या जागी ठेवलं? दोष वापरणाऱ्यावर ढकलणं सोपं असतं. मीही ढकललाय.

सुरुवात गोगलगायीनं केली. 1928 साली स्कॉटलंडमधल्या पेझली गावी एका बाईनं बाटलीतलं आल्याचं पेय थोडं प्यायलं आणि मग उरलेल्या पेयातून कुजलेली गोगलगाय बाहेर आली, अशी तिची तक्रार होती. बाटलीचे पैसे मैत्रिणीनं दिले होते, म्हणजे कंपनीशी या बाईचा करार काहीच नाही. तरी 1932 साली लंडनच्या हाऊस ऑफ लॉर्ड्सनं ठरवलं की, माल शेवटी ज्याच्या हातात जाणार, त्याची काळजी घेणं बनवणाऱ्याचं कर्तव्य आहे. पाच न्यायाधीशांपैकी तीन बाजूनं, दोन विरुद्ध. मुलं खूप हसली.

मग मी औषधाच्या डब्यावरच्या लेबलचे फोटो वाटले. औषध म्हणजे आपल्याकडचं, पऱ्हाटीवर मारतात ते. विषाला आपण औषध म्हणतो, यावरही एक तास गेला असता! अक्षर मुंगीच्या पायाएवढं. भिंग दिलं तरी अर्ध्यांना वाचता येईना. हिरवा त्रिकोण म्हणजे पिकाला चांगलं, असं एकानं ठामपणे सांगितलं. खरं तर लाल म्हणजे सगळ्यात जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा, हिरव्यातही विषच.

2017 च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक माणसं गेली, शेकडो दवाखान्यात होती. त्यानंतर सरकारनं पाच कीटकनाशकांवर तात्पुरती बंदी घातली, तीत आपला अकोला जिल्हाही होता. 2021 मध्ये दोन विधवा आणि वाचलेला एक शेतकरी यांनी सिंजेंटा कंपनीविरुद्ध थेट स्वित्झर्लंडमध्ये, बासेलला दाद मागितली. कंपनीनं जबाबदारी नाकारली.

इथं मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. "ताई, माया बाबानं तोंडाले रुमालबी बांधला नोयता. मंग चूक त्याईचीच ना?"

कोणी हसलं नाही.

मी तिला सांगितलं की कायदा एकच चूक शोधून थांबत नाही. 2019 चा ग्राहक संरक्षण कायदा विचारतो: वापराच्या पुरेशा सूचना होत्या का? धोक्याचा इशारा होता का? नसेल तर बनवणाऱ्यावर दावा होऊ शकतो. वापरणाऱ्याचीही थोडी हयगय असेल, तर निष्काळजीपणाच्या दाव्यात भरपाई तेवढी कमी होते. दावा बुडतोच असं नाही. पण पावती आणि रिकामा डबा जपून ठेवायला हवा, आणि ग्राहक आयोगाकडे साधारणपणे दोन वर्षांच्या आत जायला हवं. तिनं वहीत "पावती" लिहून खाली दोन रेघा मारल्या.

नंतर घरी कायदा पुन्हा वाचताना 87 व्या कलमापाशी अडखळले. मालकानं कामाच्या जागी वापरायला वस्तू घेतली आणि कंपनीनं मालकाला सूचना दिल्या असतील, तर सूचना अपुऱ्या होत्या म्हणून कंपनीला धरता येत नाही. म्हणजे डबा आपण आणायचा, लेबल आपल्या हातात, आणि पाठीवर पंप घेऊन वावरात जाणारा गडी दुसराच. गोगलगायीच्या बाटलीसारखंच, विकत घेणारा एक आणि पोटात जाणार दुसऱ्याच्या. फरक इतकाच की इथं मधला माणूस मैत्रीण नाही, मजुरी देणारा आहे.

या सभागृहात वावर असलेले पुष्कळ जण आहेत, दोघा-तिघांची कृषी केंद्रं आहेत. आमचंही वावर आहे, बटाईनं दिलेलं. फवारणी कोण करतो, त्याच्याकडे हातमोजे आहेत का, हे मी त्या दिवसापर्यंत कधी विचारलं नव्हतं. फोन केला तर बटाईदार म्हणाला, "हातमोजे? कोनतं काम हाय ताई?"

त्या मुलीचे वडील कोणाच्या वावरात जातात ते मी तिला विचारलं नाही. आपल्यापैकीच कोणाच्या तरी जात असतील. दिवाळीत मी पुन्हा चार दिवस येणार आहे. या वेळी वर्ग मुलांबरोबर त्यांच्या घरच्यांसाठीही आहे, आणि तुमच्यासाठीही. येताना घरातल्या डब्यावरच्या लेबलचा फोटो काढून आणा. डबा आणू नका.