नळीमागचे हात

(प्रयोगशाळा-तंत्रज्ञानाच्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



1896 साली प्लेगने मुंबईला ग्रासले असता वॉल्डेमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजात लस तयार केली आणि 10 जानेवारी 1897 रोजी ती प्रथम स्वतःच्या अंगात टोचून घेतली. हाफकिन वैद्य नव्हते. त्यांचे शिक्षण प्राणिशास्त्राचे होते. रोगनिदान हे एकट्या डॉक्टरांचे काम, अशी समजूत आजही घट्ट असल्यामुळे हे स्मरणात ठेवलेले बरे.

रक्ताची नळी जोराने हलविली तर तांबड्या पेशी फुटतात, त्यांतील पोटॅशियम बाहेर येते आणि धडधाकट माणसाच्या अहवालात हृदयाचा धोका दिसू लागतो. यंत्र कितीही महागडे असो, बिघडलेला नमुना ते सुधारून देत नाही. क्षयरोग्याच्या थुंकीत मिलिलिटरमागे सुमारे 10,000 जंतू असल्याखेरीज ते सूक्ष्मदर्शकाखाली सहसा सापडत नाहीत. नव्या जनुकीय चाचणीला शे-सव्वाशे पुरतात. शिवाय रिफॅम्पिसिनला जंतू दाद देतो की नाही, हेही सुमारे दोन तासांत उमगते. परंतु डबीत बेडक्याऐवजी नुसती लाळ आली, तर ही सारी किमया व्यर्थ! रोग्याला धीराने समजावून योग्य नमुना मिळविणे हेही शास्त्रच होय. रेणवीय जीवशास्त्राची पदवी मिरवणाऱ्यांना मात्र ते हलके काम वाटते. थुंकी आणि रक्त हाताळणाऱ्याला खालचा लेखण्याची आपल्या समाजाची खोड जुनीच आहे.

2020 च्या आरंभी देशात कोरोनाची तपासणी पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेतच होत होती. पुढे यंत्रे आली, पण पी.सी.आर.ची शिस्त अंगी बाणलेली माणसे रातोरात कोठून आणणार? एका नमुन्याचा सूक्ष्म अंश दुसऱ्यात मिसळला तरी निरोगी माणूस बाधित ठरतो. ज्यांनी रात्रंदिवस हे काम केले, त्यांतील कित्येक कंत्राटी होते. साथ ओसरताच त्यांना घरी बसविण्यात आले.

2017 च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने अहवालावर विकृतिशास्त्रातील पदव्युत्तर डॉक्टरचीच सही हवी, असे स्पष्ट केले. निदानाचा अर्थ लावणे ही जबाबदारीची गोष्ट असल्याने त्यात गैर काही नाही. मात्र सही भाड्याने देण्याचे प्रकार घडतात, तेव्हा त्या जबाबदारीचे काय उरते? 2021 च्या कायद्याने सहायक व्यावसायिकासाठी किमान 2000 तासांचे आणि वरच्या श्रेणीसाठी 3600 तासांचे शिक्षण ठरवून दिले. वेतनाचा आकडा मात्र कायद्याने ठरविलेला नाही, आणि तासांची पूर्तता कागदावर करणे आपल्याकडे अवघड नसते.

म्हणून प्रवेश घेताना विद्यार्थ्याने शुल्काआधी हे विचारावे: चालत्या रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत किती महिने काम करावयास मिळेल, तेथे शिकविणार कोण, आणि त्या महिन्यांचे विद्यावेतन किती?