लायटनिंग नोडवरील शिल्लक आणि पेमेंटची खात्री

बिटकॉइनच्या मूळ साखळीत सरासरी 10 मिनिटांनी एक ब्लॉक तयार होतो आणि त्यातील जागा मर्यादित असल्यामुळे किरकोळ रकमांची देवघेव तेथे परवडत नाही. ही अडचण दूर करण्यासाठी जोसेफ पून आणि थॅडियस ड्रायजा यांनी 2015 मध्ये लायटनिंग नेटवर्कची कल्पना मांडली. या जाळ्यातील संगणकाला नोड म्हणतात. दोन नोड एक रक्कम दोघांच्या सहीशिवाय हलणार नाही अशा रीतीने साखळीवर बांधून ठेवतात आणि त्यानंतर साखळीबाहेर केवळ तिची आपसांतील वाटणी बदलत राहतात. या जोडणीला चॅनल म्हणतात. थेट चॅनल नसेल तेथे मधले नोड रक्कम पुढे पोहोचवतात. हुंडीच्या व्यवहारात मधल्या पेढीच्या पतीवर भिस्त असे. येथे मात्र रक्कम मिळाल्याचे दर्शवणारी गुप्त संख्या सादर केल्यावाचून कोणत्याही टप्प्यावर पैसे सुटत नाहीत आणि मुदत टळल्यास ते मागे फिरतात.

पैसा बुडत नाही, तरी पेमेंट फसते, आणि त्याचे मुख्य कारण अज्ञान हे आहे. चॅनलची एकूण क्षमता जगजाहीर असते, परंतु तिच्यातील किती रक्कम कोणत्या बाजूला आहे हे त्या दोन नोडांनाच ठाऊक असते, आणि मार्ग तर पाठवणाऱ्याला आधीच निवडावा लागतो. रेने पिकहार्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी 2021 मध्ये या अनिश्चिततेला संभाव्यतेच्या गणितात बसवले, हे त्यांचे मोठेच काम होय. प्रत्येक वाटणी सारखीच शक्य मानली, तर 10 लाख सातोशींच्या (एका बिटकॉइनचे 10 कोटी सातोशी होतात) चॅनलमधून 5 लाख सातोशी जाण्याची शक्यता 50 टक्के ठरते. अशी चार चॅनल ओलांडायची असल्यास ती जेमतेम 6 टक्के उरते. तीच रक्कम 50 लाखांच्या चार चॅनलांतून पाठवली, तर शक्यता सुमारे 66 टक्के होते. म्हणूनच नोड चालवणाऱ्याने हाताशी असलेले भांडवल वीस बारीक चॅनलांत विखरून टाकण्यापेक्षा जाळ्याशी उत्तम जोडलेल्या व सतत चालू राहणाऱ्या मोजक्या नोडांशी मोठी चॅनल उघडणे श्रेयस्कर. मोठी रक्कम तुकड्यांत पाठवण्याची सोयही उपयोगी पडते, कारण अडलेला तुकडाच तेवढा दुसऱ्या मार्गाने पुन्हा पाठवता येतो.

रक्कम स्वीकारणाऱ्याची अडचण निराळी असते. स्वतःच्या पैशाने नुकतेच उघडलेले चॅनल संपूर्ण आपल्याच बाजूला भरलेले असते, त्यामुळे दुकानदाराला त्यातून देता येते, घेता येत नाही. येणाऱ्या रकमेसाठी समोरच्या बाजूला शिल्लक हवी, आणि ती मिळवण्यासाठी एक तर दुसऱ्याकडून आपल्याकडे चॅनल उघडून घ्यावे लागते, नाहीतर आपली काही रक्कम आधी खर्च करावी लागते. इतरांची पेमेंट पुढे नेणाऱ्या मधल्या नोडाच्या हाती याखेरीज शुल्काचे साधन असते. एखाद्या चॅनलमधील आपली बाजू आटू लागली, की तेथून बाहेर जाण्याचे शुल्क वाढवावे आणि तुंबलेल्या चॅनलवर ते उतरवावे, म्हणजे स्वस्त मार्ग शोधणारी पेमेंट शिल्लक असलेल्या बाजूला वळतात. स्वतःचीच रक्कम वळसा घालून स्वतःकडे आणण्याचा उपायही रूढ आहे, पण त्याचे शुल्क मिळकतीहून अधिक होण्याचा धोका असल्याने तो जपून वापरावा.

शेवटी प्रश्न अखंडतेचा. पेमेंट अर्ध्या वाटेत असताना एखादा नोड बंद पडला, तर मागील प्रत्येक चॅनलमध्ये तेवढी रक्कम अडकून राहते, आणि मुदत जवळ आली की समोरच्या नोडाला चॅनल साखळीवर सक्तीने बंद करावे लागते, ज्याचा खर्च साखळीवर गर्दी असताना बराच होतो. ज्यांच्याकडे वीज किंवा इंटरनेट वारंवार जाते त्यांनी इतरांची पेमेंट पुढे नेण्याचा भार घेऊच नये. त्यांची स्वतःची देवघेव जाळ्यात जाहीर न केलेल्या चॅनलांवरही चालते, कारण स्वीकारणाऱ्याच्या बीजकातच त्याच्यापर्यंत येण्याच्या अखेरच्या टप्प्याची माहिती देता येते.