वाद कसा तोलावा?
(विहाराच्या वर्धापनदिनी पाटण येथे केलेले भाषण)



आम्ही गिरणी कामगार. शाळा थोडी, वाचन जास्त. आज यंत्राच्या बुद्धीवर बोलायचं ठरवलंय, पण विषय परका नाही. सम्राट अशोकाच्या काळी पाटलीपुत्राच्या तिसऱ्या संगीतीत मोग्गलिपुत्त तिस्स थेरांनी 'कथावत्थु' मांडला, असे परंपरा सांगते. त्यात एक मत धरून ठराविक पायऱ्यांनी प्रश्न विचारत त्याची तपासणी होते.

यंत्राला वाद कसा शिकवावा? १९९५ साली व्हिएतनामी संशोधक फान मिन्ह डुंग यांनी त्याचे गणित मांडले. मुद्दा कुणाचा, किती मोठ्यानं बोलला, हे त्यात नाही. कोणता मुद्दा कोणाला खोडतो, एवढंच बघायचं. ज्याला कुणीच खोडत नाही, तो उभा राहतो. तो ज्याला खोडतो, तो पडतो. ज्याला फक्त पडलेल्यांनीच अडवलं होतं, तो पुन्हा उभा राहतो. गुंत्यात आधी मोकळं टोक शोधतात, तसंच हे.

महाडचा चवदार तळ्याचा खटला घ्या. आपला मुद्दा: तळं नगरपालिकेचं, सार्वजनिक, म्हणून पाण्यावर सर्वांचा हक्क. विरोधकांचा मुद्दा: अस्पृश्यांनी तिथं पाणी घ्यायचं नाही, ही पुरातन वहिवाट. डिसेंबर १९२७ मध्ये कोर्टाने तात्पुरता मनाईहुकूम दिला. बाबासाहेबांच्या बाजूने तिसरा मुद्दा आला: वहिवाट अनादी काळापासूनची आहे, हे सिद्ध कुठं झालंय? १७ मार्च १९३७ रोजी मुंबई हायकोर्टानेही ती सिद्ध झाली नाही असेच ठरवले. तिसऱ्यानं दुसरा खोडला, पहिला उभा राहिला. त्याला नऊ वर्षांहून जास्त काळ लागला!

दोन मुद्दे एकमेकांना खोडत असतील आणि तिसरा नसेल, तर? सावध हिशोबात दोन्ही अनिर्णित. उगाच निकाल ठोकायचा नाही.

पण एक गोष्ट ध्यानात ठेवा. हे गणित मांडलेलेच मुद्दे तोलतं. जो मुद्दा कागदावर आलाच नाही, तो त्याच्या लेखी नाही. शेकडो वर्षं आपला मुद्दा कुणी लिहूनच घेतला नव्हता.

म्हणून आपल्या बैठकीत मागे बसलेल्या माउलीचा, शाळकरी पोराचाही मुद्दा वहीत उतरवा. मग विचारा, याला कोण खोडतो? उत्तर नसेल, तर तो मान्य करा. आज मोबाईल झटकन उत्तर देतो. त्यालाही कारण विचारा, आणि कुणाचा मुद्दा राहिला, तेही विचारा.

जयभीम! नमो बुद्धाय!