बाळंतपणाचा कागद

पनवेलच्या शेजारी करंजाडे म्हणून गाव आहे. मूळ गाव शेतकऱ्यांचं. सिडकोची वसाहत झाली आणि तिथे उंच इमारती उभ्या राहिल्या. राहणारी मंडळी कोणी कोकणातली, कोणी घाटावरची. सून पहिलटकरीण असली की माहेरी जाते आणि तीन महिन्यांनी बाळ घेऊन परतते. बाळाबरोबर झबली येतात, दुपटी येतात, डिंकाच्या लाडवांचा डबा येतो. येत नाही तो बाळंतपणाचा कागद. आज त्याविषयीच थोडं बोलणार आहे.

आम्हीही करंजाड्याचेच. मध्यंतरी माझ्या पत्नीचं डोकं वरचेवर दुखू लागलं. डॉक्टरांनी रक्तदाब पाहिला, तो चांगलाच चढलेला. त्यांनी विचारलं, "बाळंतपणात रक्तदाब वाढला होता का?" ती म्हणाली, "हो. अंगावर सूज होती, घाईनं ऑपरेशन करावं लागलं." मी मध्येच म्हणालो, "पण ते तेव्हाच मिटलं, डॉक्टर. चौदा वर्षं झाली." ते म्हणाले, "या चौदा वर्षांत रक्तदाब कितीदा मोजला?" मी गप्प झालो. मुलाची एक लस चुकली नव्हती, आईची साखर नेमानं तपासली जात होती. हिच्या दंडाला मात्र तो पट्टा एकदाही बांधला गेला नव्हता. एम. ए. झालेल्या माणसाच्या घरची ही कथा!

बैल सपाटीला कसाही चालतो. त्याचा दम कळतो तो चढावर. गरोदरपण हा बाईच्या हृदयाचा चढ आहे. त्या काळात अंगातलं रक्त जवळजवळ दीडपट होतं आणि हृदयाला तेवढं काम वाढतं. या चढावर कोणाचा रक्तदाब वाढतो, लघवीतून प्रथिनं जातात, कोणाला झटके येतात, तर कोणाच्या रक्तात साखर वाढते. बाळंतपणानंतर बहुधा हे ओसरतं, आणि आपण म्हणतो, सुटली एकदाची! पण शरीरानं दिलेली ती आगाऊ सूचना असते. गरोदरपणी रक्तदाबाचा असा विकार झालेल्या स्त्रियांत पुढे हृदयविकाराचा धोका इतरांच्या सुमारे दुप्पट आढळतो. गरोदरपणी साखर वाढलेल्या स्त्रियांची पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयानं पाहणी केली, ती 2004 साली प्रसिद्ध झाली. सुमारे साडेचार वर्षांनी त्यांतल्या जवळजवळ निम्म्या जणींना मधुमेह झालेला होता. मात्र धोका म्हणजे रोग नव्हे. सूचना वेळेवर वाचली तर पुष्कळ टाळता येतं.

मग करायचं काय? पहिली गोष्ट, तो कागद माहेरच्या ट्रंकेत राहू देऊ नका. बाळाच्या लसीच्या कार्डाशेजारी ठेवा, आणि कुठल्याही डॉक्टरकडे गेलात तरी न विचारता सांगा. साखर वाढली असेल तर बाळंतपणानंतर सहा ते बारा आठवड्यांत ती पुन्हा तपासा, आणि पुढे एक ते तीन वर्षांनी तपासत राहा. रक्तदाब वर्षातून एकदा तरी मोजाच. बाळंतपणानंतरच्या सहा आठवड्यांत फार डोकं दुखलं, डोळ्यांपुढे अंधारी आली, धाप लागली किंवा छातीत दुखलं, तर सकाळची वाट पाहू नका. 108 क्रमांकाची गाडी बोलवा.

दुसरी गोष्ट चालण्याची. "दिवसभर राबते, आणखी कशाला चालू?" असं आपल्या बायका म्हणतात. राबणं वाया जात नाही. पण ओट्याशी तासन्‌तास उभं राहणं म्हणजे चालणं नव्हे. डॉक्टरांची संमती मिळाली की हळूहळू सुरुवात करावी. आठवड्याचे पाच दिवस, रोज अर्धा तास, बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही इतक्या झपाट्यानं चालावं. खेड्यात पाणंदीनं चाला, वसाहतीत इमारतीभोवती चाला.

तिसरी गोष्ट झोपेची. अमेरिकेतल्या हृदयरोगविषयक संस्थेनं 2022 साली हृदय जपण्याच्या तिच्या नियमांत झोपेचाही समावेश केला. मोठ्या माणसाला सात तास तरी झोप हवी. अंगावर पिणारं बाळ ती कशी मिळू देणार? म्हणूनच हे काम एकट्या आईचं नाही. दूध पाजून झालं की बाळाला खांद्यावर घेऊन फेऱ्या मारणं बापाला जमतं. दुपारी बाळ झोपलं की सासूबाईंनी म्हणावं, "भांडी राहू देत, तूही पड जरा."

शिक्षक बंधुभगिनींनो, पालकसभेला आया आपल्याकडे येतात. मुलाचे गुण सांगून झाले की एखादीला एवढं विचारा, "तुमचा रक्तदाब शेवटचा केव्हा मोजला होता?" बाळंतपण हा बाईचा दुसरा जन्म, असं आपण म्हणतो. बाळाच्या जन्माचा दाखला आपण जपून ठेवतो. तिच्या या दुसऱ्या जन्माचा कागदही तसाच जपू या. आमच्या घरचा कागद सासुरवाडीच्या माळ्यावर सापडला. आता तो मुलाच्या दाखल्याशेजारी ठेवला आहे. आणि संध्याकाळी आम्ही दोघं चालायला जातो.