भाग : जेएनयूला माझा चान्स किती?

मालेगावातून बोलतोय. नाशिकवालं नाही, वाशिमवालं. हे दर भागात सांगावंच लागतं, कारण कुरिअरवालाही चुकतो.

आजचा भाग एका व्हॉइस नोटवरून सुचला. मुलगी आपल्याच तालुक्यातली. बीएच्या शेवटच्या वर्षाला आहे, राज्यशास्त्र, मराठी माध्यम. तिला आंतरराष्ट्रीय संबंध, म्हणजे आयआर, या विषयात एमए करायचंय. प्रश्न एवढाच, "दादा, मला ६८ टक्के आहेत. जेएनयूला माझा चान्स किती?" आणि शेवटी आवाज बारीक करून, "बाबा म्हणतात, होणारच नसेल तर फॉर्मचे पैसे कायले घालवतं?"

बाबांचा प्रश्न एकदम बरोबर आहे. आधी त्याचंच बघू.

जेएनयूच्या स्कूल ऑफ इंटरनॅशनल स्टडीजमधल्या एमएला ६८ टक्क्यांवरून काहीच ठरत नाही. पदवीचे टक्के लागतात ते पात्रतेपुरते. प्रवेश ठरतो सीयूईटी-पीजीच्या मार्कांवर. ९० मिनिटं, ७५ प्रश्न, बरोबरला ४, चुकलं की १ वजा. एकूण ३००. म्हणजे ६८ टक्केवाली आणि ८५ टक्केवाली तिथे एकाच रेषेवर उभ्या. आणि गंमत बघा, बीएला प्रवेशासाठीची सीयूईटी-यूजी १३ भाषांत होते, त्यात मराठी आहे. पीजीला इंग्रजी आणि हिंदी, बस. मराठी माध्यमाच्या पोरांनी हे फॉर्म भरताना नाही, आजच समजून घ्यायचं. प्रश्नाचं उत्तर येत असतं, पण प्रश्नच दोनदा वाचावा लागतो, आणि ९० मिनिटांत दोनदा वाचायला वेळ नसतो.

मग चान्स मोजायचा कसा? मागच्या वर्षाची जुनी प्रश्नपत्रिका घ्या, मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवा, घड्याळ लावा आणि सोडवा. जो आकडा येईल तो मागच्या कटऑफशेजारी लिहा. पण कोणता कटऑफ? आपल्या प्रवर्गाचा. इथे जरा थांबतो, कारण इथे आपल्या भागातली पोरं सगळ्यात जास्त फसतात. मीही फसलोय.

आपल्याकडे तांड्यावरचा बंजारा पोरगा स्वतःला व्हीजे-ए म्हणतो. धनगर एनटी-सी, वंजारी एनटी-डी. हे सगळं राज्याचं. केंद्रीय विद्यापीठात व्हीजे-एनटी नावाचा रकानाच नाही. तिथे हे सगळे ओबीसीत येतात, आणि २७ टक्के जागा ओबीसींना आहेत. फक्त दाखला केंद्राच्या नमुन्यातला, नॉन-क्रिमीलेअरवाला पाहिजे. मराठा समाजाचं उलटं. राज्यात एसईबीसी आहे, केंद्रात नाही. तिथे एकतर ओपन, नाहीतर अटीत बसत असाल तर ईडब्ल्यूएस, त्याचाही दाखला केंद्राच्या नमुन्यातला. मी स्वतः एका विद्यापीठात राज्याच्या नमुन्यातलं प्रमाणपत्र घेऊन गेलो होतो. प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये, लॅमिनेट करून! ओपनमध्ये धरलं गेलं आणि यादीत नाव नव्हतं. चूक माझीच, सूचना वाचली नव्हती. म्हणून सेतू केंद्रात जाल तेव्हा तोंडाने नुसतं "नॉन-क्रिमीलेअर" म्हणू नका. "केंद्राचा नमुना" म्हणा, आणि हातात येईल तेव्हा तिथेच उभं राहून वाचा.

दिल्लीतच साउथ एशियन युनिव्हर्सिटी आहे, सार्क देशांची, २०१० मध्ये सुरू झालेली. तिथेही आयआरचं एमए आहे. जागा देशांनुसार वाटलेल्या असतात, त्यामुळे आपली स्पर्धा काठमांडूच्या पोराशी नसते, भारतातल्याच पोरांशी असते. जवळचं हवं असेल तर पुणे विद्यापीठात डिफेन्स अँड स्ट्रॅटेजिक स्टडीजचा विभाग आहे. तो आयआरचा सख्खा भाऊ समजा.

आता दुसऱ्या प्रकारचा दरवाजा, जिथे मार्कांऐवजी फाईल वाचतात. परदेशी विद्यापीठं, शिष्यवृत्त्या. इथे टक्केही बघतात, पण निबंध बघतात, शिफारसपत्र बघतात. आपल्या शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यातले, लोणार तालुक्यातल्या पिंप्री खंदारेचे राजू केंद्रे चेवनिंग शिष्यवृत्तीवर लंडनच्या सोआसला जाऊन आले. त्यांनी सुरू केलेलं एकलव्य फाउंडेशन पहिल्या पिढीत शिकणाऱ्या पोरांना असे अर्ज लिहायला मदत करतं. पण चेवनिंगला पदवीनंतर दोन वर्षांचं, म्हणजे २,८०० तासांचं काम लागतं. म्हणजे या मुलीचा यंदाचा चान्स शून्य. तीन वर्षांनंतरचा? तो चांगला असू शकतो. दोन्ही आकडे खरे आहेत.

निबंधात काय लिहू, असंही तिने विचारलं. "लहानपणापासून मला जगाची आवड होती" असलं काही लिहू नका, हात जोडतो. तिच्या घरी सोयाबीन आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये सरकारने कच्च्या खाद्यतेलावरचं मूळ आयात शुल्क शून्यावरून २० टक्के केलं, मे २०२५ च्या शेवटी परत १० वर आणलं. पामतेल येतं इंडोनेशिया-मलेशियातून, सोयातेल अर्जेंटिनातून. बाजार समितीत बाबांच्या पोत्याला काय भाव लागतो, त्यात दिल्ली आहे आणि ब्यूनस आयर्सही आहे. हे तिने बाबांच्या शेजारी उभं राहून पाहिलंय. दिल्ली-मुंबईचं पोरगं हे पुस्तकात वाचतं.

पैशाचंही बोलू, नाहीतर बाबा म्हणतील मुद्द्याचं राहिलंच. काही खासगी विद्यापीठांत प्रवेश मिळणं सोपं आणि फी भरणं अवघड. तिथला चान्स मोजताना "निवड झाली" हा अर्धाच चान्स. शिष्यवृत्तीचं पत्र हातात नसेल तर ते नाव यादीत सगळ्यात खाली लिहा. जेएनयूची फी त्या मानाने अगदी कमी आहे, पण दिल्लीत हॉस्टेल मिळेपर्यंतचे दोन-तीन महिने भाड्याने काढायची तयारी घरात बोलून ठेवा.

या मुलीने मागच्या रविवारी पहिली प्रश्नपत्रिका सोडवली. ३८ बरोबर, २९ चूक. १२३ मार्क. फोन केला तर रडवेली. म्हटलं, अगं, त्या २९ मधले किती नुसते ठोकले होतेस? बसली मोजत. या रविवारी दुसरी सोडवली : ४१ बरोबर, १४ चूक, २० सोडून दिलेले. १५० मार्क. परीक्षा साधारण मार्चमध्ये होते, तोवर बरेच रविवार आहेत. फॉर्म भरलाय. पैसे बाबांनीच दिले. केंद्राच्या नमुन्यातला दाखला अजून यायचाय, त्यासाठी सोमवारी ती तहसीलला जाणार आहे.

पुढच्या भागात शिफारसपत्र कोणाकडून घ्यायचं ते बोलू. तुमचे मॉकचे आकडे व्हॉइस नोटवर पाठवा, कमी असले तरी पाठवा. चला, भेटू.