आधी दिवा पाहा

(संस्थेच्या पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेले भाषण)



या व्यासपीठावरून एरवी विद्वान मंडळी बोलतात. मी पडलो वायरमन. आय.टी.आय.चा अभ्यासक्रम पुरा करून या धंद्यात आलो आणि आजवर लोकांच्या घरांत तारा ओढीत राहिलो. तेव्हा संयोजकांनी मला बोलण्याची आज्ञा केली त्या वेळी मी प्रथम संकोचलो. परंतु त्यांनी विषयच असा दिला की नाही म्हणवेना. घरच्या संगणकाला तारेने जोडलेले इंटरनेट बंद पडले तर काय करावयाचे, हा तो विषय. ऐकावयास तो किरकोळ वाटेल. पण ज्या घरात मुलांचे प्रवेश-अर्ज, शिष्यवृत्तीचे फॉर्म आणि परीक्षेचे निकाल संगणकावरून होतात, त्या घरात तो किरकोळ राहत नाही.

प्रथम माझी स्वतःची चूक सांगतो. गोष्ट २०१४ सालची आहे. माझी मुलगी बारावी झाली होती. प्रवेशाच्या पहिल्या फेरीचा अर्ज भरण्याचा तो शेवटचा दिवस. मी कामावरून संध्याकाळी परतलो तर ती दारातच म्हणाली, "अब्बा, नेट गेलंय." मी चप्पलही काढली नव्हती. काहीएक न पाहता मी बोलून गेलो, "तूच काहीतरी दाबलं असशील!" मग संगणक चार वेळा बंद-चालू केला, कंपनीला फोन लावला. "उद्या माणूस पाठवतो," असे उत्तर मिळाले. त्या काळी आमच्या घरात मोबाइल होता तो साधा, बटणांचा. भावाला बरोबर घेऊन ती सायबर कॅफेवर गेली, तर ते बंद झालेले. फेरी हुकली.

दुसऱ्या दिवशी माणूस आला. त्याने भिंतीलगतची खाट सरकवली. खाटेच्या पायाखाली तार चेंगरून चपटी झाली होती. ती खाट आदल्या रविवारी चुन्याचा हात देताना मीच ओढली होती! दुसऱ्या फेरीत मुलीला दूरच्या कॉलेजात जागा मिळाली आणि पुढची तीन वर्षे ती पहाटेची एस.टी. धरीत राहिली. तिने मला कधी बोलून दाखविले नाही. पण कोणाच्या घरी दिवा लागेनासा झाला तर आधी बल्ब, मग होल्डर, मग बटण, मग फ्यूज असा क्रमाने जाणारा मी, माझ्याच घरात तो क्रम विसरलो आणि पोरीला दोष देऊन मोकळा झालो. म्हणून आज मला जे सांगावयाचे आहे ते एवढेच की, दोष शोधताना जवळून लांब जावे, एका वेळी एकच गोष्ट बदलावी, आणि पाहिल्याशिवाय माणसाला बोल लावू नये.

आता क्रम सांगतो.

पहिला प्रश्न : अगदी अलीकडे घरात काय बदलले? खाट हलली, कपाट सरकले, रंगकाम झाले, उंदीर फिरले, काल रात्री वीज कडाडली. निम्मे दोष या एका प्रश्नात सापडतात, असा माझा अनुभव आहे.

दुसरा प्रश्न : नेट सगळ्या घराचे गेले आहे की एकट्या संगणकाचे? आता बहुतेक घरांत मोबाइल राउटरच्या वाय-फायवर चालतो. मोबाइलचा स्वतःचा डेटा बंद करून पाहावे. वाय-फायवर मोबाइलचे नेट चालत असेल तर बाहेरची लाइन ठीक आहे आणि दोष राउटर ते संगणक यांच्या दरम्यान आहे. मोबाइलचेही चालत नसेल तर दोष बहुधा राउटरमध्ये किंवा त्याच्या पलीकडे. कंपनीला फोन करण्यापूर्वी एवढे पाहिले तरी आपण अर्धी वाट चाललो.

फायबरच्या जोडणीत कंपनीच्या पेटीवर एल.ओ.एस. लिहिलेला एक दिवा असतो. तो तांबडा झाला म्हणजे बाहेरून येणारा प्रकाश पेटीपर्यंत पोहोचत नाही. तेथे आपला इलाज नाही, तक्रार नोंदवावी. ती बारीक काचेची तार वाकवू नये आणि तिच्या टोकात डोळा लावून पाहू नये. तो प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, पण अपाय करू शकतो.

तिसरी गोष्ट दिव्यांची. संगणकाच्या मागे जेथे तार खोचतो त्या छिद्राशेजारी बहुधा दोन इवले दिवे असतात. राउटरवरही त्या तारेचा दिवा असतो. तार खोचली आणि दोन्ही टोकांची यंत्रे चालू असली की एक दिवा लागतो, आणि मजकुराची ये-जा असली की दिवा लुकलुकतो. दिवा मुळीच नसेल तर संगणकाच्या आतल्या सेटिंगमध्ये शिरण्याचे कारण नाही. तार दोन्हीकडून काढून पुन्हा खोचावी, 'टक' असा आवाज आला पाहिजे. टोकाच्या प्लगवरची प्लॅस्टिकची पट्टी फार लवकर मोडते. पट्टी मोडली की तार बसल्यासारखी दिसते, पण पंख्याच्या वाऱ्यानेसुद्धा सैल होते. तरीही दिवा नसेल तर तीच तार राउटरच्या दुसऱ्या छिद्रात घालावी. मग तार बदलून पाहावी. दोन्ही एकदम बदलू नयेत, नाहीतर दोष कशात होता ते कधीच कळत नाही. एक चांगली छोटी तार घरात राखून ठेवावी. फ्यूजची तार ठेवतो तशी.

येथे आम्हा वायरमन लोकांची एक खोड सांगितली पाहिजे. दिव्याची तार तुटली की आम्ही दोन टोके पिळून टेप गुंडाळतो आणि दिवा लागतो. नेटच्या तारेला हा उपाय चालत नाही. तिच्यात आठ तारा असतात, चार जोड्यांत, आणि प्रत्येक जोडी एकमेकींभोवती पिळलेली असते. तो पीळ शोभेचा नाही. बाहेरचा विजेचा गोंगाट जोडीतल्या दोन्ही तारांवर सारखाच पडतो आणि दुसऱ्या टोकाला यंत्र दोहोंतला फरक तेवढा वाचते, म्हणून गोंगाट वजा होतो. ही युक्ती टेलिफोनच्या काळातली; अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी १८८१ मध्ये तिचे पेटंट घेतले होते. टेपने जोड दिला की नेमका तो पीळ उलगडतो. म्हणून मधून तुटलेली तार सरळ बदलावी. तसेच ही तार विजेच्या वायरीबरोबर एकाच पट्टीतून नेऊ नये. लांबी शंभर मीटरच्या आत ठेवावी. आणि विकत घेताना शुद्ध तांब्याची मागावी. ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली तार स्वस्त मिळते, पण ती लवकर तुटते.

नेट चालते, पण पूर्वीपेक्षा मंद झाले, अशीही तक्रार येते. शंभर मेगाबिटचा वेग दोन जोड्यांवर चालतो. हजार मेगाबिटला चारही जोड्या लागतात. त्या पद्धतीचा दंडक १९९९ मध्ये ठरला. तेव्हा आठांपैकी एखादी तार आतून तुटली तर पुष्कळदा जोडणी मरत नाही, वेग तेवढा हजारावरून शंभरावर उतरतो. संगणकात नेटवर्कच्या जोडणीची माहिती उघडली की हा वेग लिहिलेला दिसतो. तेथे अचानक शंभर दिसू लागले तर तारेवर संशय घ्यावा.

आता समजा, दिवा लागला आहे आणि तरी नेट नाही. याच्या पुढचा भाग मला माझ्या मुलीने शिकविला, हे मी अभिमानाने सांगतो.

संगणकाला नेटवर बोलण्यासाठी आकड्यांचा एक पत्ता लागतो. वसतिगृहात नवा विद्यार्थी आला की रेक्टर त्याला खोलीचा क्रमांक देतात, तसा हा पत्ता राउटर देतो. विंडोजच्या संगणकात कमांड प्रॉम्प्ट नावाची काळी खिडकी उघडावी आणि 'आयपीकॉन्फिग' हा शब्द इंग्रजी अक्षरांत सलग टाइप करून एंटर दाबावे. घरच्या राउटरने दिलेला पत्ता बहुधा १९२.१६८ ने सुरू होतो. पण तो १६९.२५४ ने सुरू होत असेल तर समजावे की संगणकाने पत्ता मागितला, कोणी दिला नाही, म्हणून त्याने स्वतःच एक लावून घेतला. रेक्टर भेटले नाहीत म्हणून विद्यार्थ्याने मनानेच खोलीचा क्रमांक सांगावा, तसे हे झाले. अशा वेळी राउटरची वीज अर्धा मिनिट बंद ठेवावी, चालू करून दोन-तीन मिनिटे थांबावे आणि मग संगणक पुन्हा सुरू करावा.

मात्र राउटरमागे टाचणीने दाबावयाचे जे बारीक छिद्र असते त्याला हात लावू नये. ते दाबल्याने राउटर नुसता पुन्हा सुरू होत नाही, त्यात भरलेली माहिती पुसली जाते. पुष्कळ जोडण्यांत कंपनीने दिलेले नाव आणि पासवर्ड त्यातच असतात. लहानशा दोषाचा मोठा दोष करण्याचा तो हमखास मार्ग आहे.

पत्ता ठीक असेल तर हाका मारून पाहावयाचे. त्यासाठी 'पिंग' ही आज्ञा आहे. माइक म्यूस नावाच्या अमेरिकन तंत्रज्ञाने ती १९८३ च्या डिसेंबरात लिहिली आणि पाणबुडीचा शोध घेणाऱ्या सोनार यंत्राच्या आवाजावरून तिला नाव दिले. येथेही जवळून लांब जावयाचे. पहिली हाक राउटरला; त्याचा पत्ता मघाच्याच खिडकीत 'डिफॉल्ट गेटवे' या शब्दांपुढे दिसतो. उत्तर आले तर घरातली तार साफ आहे. दुसरी हाक बाहेर, ८.८.८.८ या पत्त्याला. राउटर उत्तर देतो आणि हा देत नाही, तर दोष बहुधा बाहेरच्या लाइनीत. कंपनीला तसे स्पष्ट सांगावे. तिसरी हाक एखाद्या परिचित संकेतस्थळाला, त्याच्या नावाने. आकड्याला उत्तर येते आणि नावाला येत नाही, तर नावावरून पत्ता शोधून देणारी जी व्यवस्था आहे, जिला डी.एन.एस. म्हणतात, ती अडली आहे. ही व्यवस्था पॉल मोकापेट्रिस यांनी १९८३ मध्ये आखली. नेटवर्कच्या सेटिंगमध्ये डी.एन.एस.च्या जागी ८.८.८.८ किंवा १.१.१.१ भरले की पुष्कळदा काम भागते.

एक फसवा दोष सांगून ठेवतो. जुन्या संगणकात आतली नाण्याएवढी बॅटरी संपली की वीज गेल्यावर त्याचे घड्याळ कित्येक वर्षे मागे जाते. मग दिवा ठीक, पत्ता ठीक, हाकेला उत्तर ठीक, आणि तरी संकेतस्थळे सुरक्षिततेचा इशारा देऊन उघडत नाहीत. कारण संकेतस्थळाच्या ओळखपत्रावर मुदत असते आणि संगणक ती आपल्या चुकीच्या तारखेशी ताडून पाहतो. तारीख दुरुस्त करावी आणि ती बॅटरी बदलून घ्यावी. ती फार थोड्या पैशांत मिळते.

पावसाळ्याच्या तोंडाशी वीज चमकू लागली की संगणकाचा प्लग काढतो तशी नेटची तारही काढून ठेवावी. फायबर काचेची असल्याने तिच्यातून विजेचा झटका येत नाही, पण पेटीपासून संगणकापर्यंतची तार तांब्याची असते. प्लग काढला आणि ही तार तशीच राहिली, म्हणून मशीन गेल्याची उदाहरणे मी पाहिली आहेत.

विद्यार्थी मित्रांनो, एक शंभर पानी वही राउटरजवळ ठेवा. नेट गेले की तारीख, कोणता दिवा होता, कोणता नव्हता, काय बदलले आणि कशाने चालू झाले, हे चार ओळींत लिहा. कंपनीचा माणूस येईल तेव्हा "नेट चालत नाही" एवढेच न सांगता "राउटरपर्यंत पिंग जातो, पुढे जात नाही" असे सांगा. तुमची तक्रार निराळ्या कानाने ऐकली जाईल. आणि अर्जाची मुदत असेल तर शेवटच्या दिवसाची वाट पाहू नका. यंत्र बिघडते ते मुदत विचारून बिघडत नाही.

पालकांना माझी विनंती आहे. मुलगा असो की मुलगी, यंत्राला हात लावू नकोस असे म्हणू नका. विजेच्या मुख्य बोर्डाला हात लावू देऊ नये, हे खरे. पण नेटची तार काढून घालण्यात, दिवे पाहण्यात, पिंग करण्यात काही मोडत नाही. माझ्या घरातला शहाणपणा माझ्या पस्तिशी-चाळिशीतल्या हातांत नव्हता, मुलीच्या वहीत होता. आज ती नोकरीला आहे. मध्यंतरी घरचे नेट पुन्हा गेले तेव्हा मी तिला फोन केला. ती म्हणाली, "अब्बा, आधी दिवा पाहा." मी वाकून पाहिले. प्लगची पट्टी मोडली होती. दहा मिनिटांत मी तार बदलली आणि वहीत नोंद केली.

त्या २०१४ च्या संध्याकाळी मी तिला जे बोललो ते मला आता परत घेता येत नाही. आपल्यापैकी कोणी आज रात्री घरी गेल्यावर पोरांना बोलण्याआधी खाटेखाली वाकून पाहील, तर माझे येथे येणे सार्थकी लागले असे मी समजेन.