वडपळनी, मद्रास-२६

हे बोलणं मी इरुंगाट्टुकोट्टैहून करते आहे. नाव उच्चारायला जमलं नाही तरी वाईट वाटून घेऊ नका, मला दोन महिने लागले होते. चेन्नईहून बंगळुरूच्या हमरस्त्यानं निघालात की पूनमल्लीनंतर, श्रीपेरंबुदूरच्या थोडं अलीकडे हे गाव लागतं. ह्युंदाईचा कारखाना इथलाच. पहिली सँट्रो १९९८ साली इथून बाहेर पडली. जवळच मोटारींच्या शर्यतींचा ट्रॅक आहे, आणि त्यांच्या आजूबाजूला सुटे भाग बनवणारे असंख्य छोटे-मोठे कारखाने. त्यांतल्या एकात मी क्वालिटीचं काम बघते. २००९ साली चाकणहून बदली झाली तेव्हा दोन वर्षांसाठी आले होते. अजून आहे.

या व्याख्यानमालेत बोला म्हटल्यावर मी विषय दिला, लहानपणची चित्रांची पुस्तकं. आयोजकांना वाटलं असेल, गाड्यांचे दरवाजे तपासणारी बाई यावर काय बोलणार. पण ज्या मासिकावर मी वाढले ते माझ्या आत्ताच्या घरापासून तासा-दीड तासाच्या अंतरावर तयार होत होतं, आणि हे मला इथे येऊन बरीच वर्षं झाल्यावर लक्षात आलं.

मासिक म्हणजे चांदोबा.

मी बार्शीची. बाबा अडत दुकानात दिवाणजी होते. ऐंशीच्या दशकात आमच्याकडे पुस्तकं विकत घ्यायची पद्धत नव्हती, ती शाळेतून यायची किंवा नगर वाचनालयातून. चित्रांची पुस्तकं तर मोजकीच. नॅशनल बुक ट्रस्टची स्वस्त पुस्तकं असायची, त्यातली मिकी पटेल यांची रूपा हत्तीण मला फार आवडायची. मॉस्कोत छापलेली रशियन गोष्टींची मराठी पुस्तकं असायची, गुळगुळीत कागद, अस्वलं, बर्फ. बर्फ म्हणजे आमच्या लेखी गोळेवाल्याकडचा, त्यामुळे ती चित्रं बघून नुसता गारवा वाटायचा. ‘किशोर’ यायचं. पण महिन्याच्या महिन्याला, एसटी स्टँडवरच्या स्टॉलवरून, बाबा स्वतःच्या पैशांनी आणायचे ते फक्त चांदोबा. पायजम्याच्या खिशात मावत नसे म्हणून शर्टाच्या आत पोटाशी धरून आणायचे. पहिलं पान उघडलं की शाईच्या वासाबरोबर बाबांच्या घामाचाही थोडा वास यायचा.

वाचून दाखवायची आई. ती चौथी शिकलेली. अक्षरावर बोट ठेवून वाचायची आणि जोडाक्षराला अडली की चित्राकडे बघून पुढचं स्वतःच सांगायची. त्यामुळे माझ्या डोक्यातला चांदोबा आणि छापलेला चांदोबा यांत बराच फरक आहे. आईच्या विक्रमादित्याला भूक लागायची. तो मध्येच भाकरी खायचा. खांद्यावर प्रेत असताना.

ते चित्र तुम्हा सगळ्यांच्या डोळ्यांपुढे असेलच. अंधारी रात्र, हातात तलवार, खांद्यावर प्रेत टाकून राजा निघालाय. ते काढलं शंकर यांनी, म्हणजे के. सी. शिवशंकरन यांनी. मूळच्या ‘वेताळपंचविशी’त गोष्टी पंचवीसच. चांदोबानं त्या संपल्यावरही थांबायचं नाकारलं. आरंभ आणि शेवट तोच ठेवून मध्ये नवी गोष्ट घालायची, असं दशकानुदशकं चाललं. वेताळ दर महिन्याला झाडावर परत जायचा आणि आम्ही दर महिन्याला नव्यानं हळहळायचो.

आता यामागची जुळणी सांगते, कारण मी कारखान्यातली बाई, मला कसं बनतं त्यात रस. बी. नागी रेड्डी आणि चक्रपाणी या दोघांनी जुलै १९४७ मध्ये तेलुगूत ‘चंदमामा’ आणि तमिळमध्ये ‘अंबुलिमामा’ काढलं. दोघेही सिनेमावाले, विजया प्रॉडक्शन्सचे. मराठी चांदोबा १९५२ पासून. पुढे एकूण डझनभर भाषा झाल्या. गंमत बघा, बहुतेक भाषांत तो मामा आहे, आपल्याकडे अंगाईत तो मामाच असतो, पण मासिकावर मात्र ‘बा’ झाला. मजकूर मुख्यतः तेलुगूत तयार व्हायचा. कोडवटिगंटि कुटुंब राव यांनी तो कितीतरी वर्षं सांभाळला, मग बाकीच्या भाषांत उतरायचा. चित्रं मात्र सगळ्यांना तीच. चित्राची जागा ठरलेली, भोवतीचा मजकूर बदलायचा. आमच्या भाषेत सांगायचं तर साचा एक, रंग वेगवेगळे. मराठीत एखादं वाक्य जरा अवघडलेलं लागायचं ते त्यामुळेच असणार.

आणि चित्रकार सगळे इकडचे. शंकर, ‘चित्रा’ या नावानं काढणारे टी. वीरराघवन, मुखपृष्ठं रंगवणारे वड्डादि पापय्या. गोष्ट उज्जैनची असो की काशीची, देवळाला गोपुर असायचं, बायकांच्या वेण्यांत गजरे भरगच्च, जेवण केळीच्या पानावर. बार्शीच्या भगवंताच्या देवळाला तसलं काही नाही, म्हणून मी समजायचे की गोष्टीतल्या देशात देवळं अशीच असतात. २००९ मध्ये पहिल्याच रविवारी कांचीपुरमला गेले आणि एकाम्रनाथाच्या गोपुराखाली उभी राहिले तर मला परकं काही वाटेचना. मला तेव्हा कारण कळलं नाही. उन्हानं होत असेल म्हटलं.

कारण कळलं ते २०२० साली, आणि त्याला माझी आई कारण झाली.

बाबा २०१९ मध्ये गेले. आईला मी इकडे आणलं. ती आली आणि गप्प झाली. भाषा येईना, वातावरणात घाम, भाकरीच्या पिठासाठी मला चेन्नईत जावं लागे. रोज एकच, “मला बार्शीला नेऊन सोड.” मार्चमध्ये सगळं बंद झालं आणि तिचा तोही मार्ग बंद झाला. माझी मुलगी तेव्हा आठ वर्षांची. तमिळ फाडफाड बोलणारी, मराठी कळणारी पण वाचताना ठेचकाळणारी. आजी आणि नात दोघी एकाच खोलीत बसून वेगवेगळ्या दिशांना बघायच्या. मला वाटायचं, मी दोघींचंही नुकसान केलंय.

शेजारी एक वयस्कर अम्मा राहतात. माझी मुलगी त्यांना पाट्टी म्हणते. सप्टेंबरच्या अखेरीस एका सकाळी त्या मास्क लावून फाटकाशी आल्या, हातात तमिळ वर्तमानपत्र. कुणाला तरी दाखवायचंच होतं त्यांना, आणि अंगणात आई सोडून कुणी नव्हतं. २९ सप्टेंबरला शंकर वारले होते. शहाण्णव वर्षांचे. मूळ चमूतले शेवटचे. बातमीसोबत ते चित्र छापलं होतं.

आईनं चष्मा नसताना ओळखलं. “अगं, हा तर आपला विक्रम!” पाट्टी म्हणाल्या, “वेदाळम्!” आई म्हणाली, “वेताळच की!” एवढं बोलून दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. सहा महिने शेजारी राहून त्यांच्यातला हा पहिला संवाद.

दुसऱ्या दिवशी पाट्टींनी जुन्या अंबुलिमामाचे बांधीव खंड काढून आणले. त्यांच्या यजमानांनी वर्षावर्षाचे अंक शिवून ठेवले होते. मग रोज दुपारी, दोन खुर्च्यांत सुरक्षित अंतर ठेवून, मध्ये स्टुलावर खंड. आईला अक्षर वाचता येत नव्हतं, पण ते तिच्यासाठी नवं नव्हतंच. चित्र बघून ती मराठीत सांगायची, पाट्टी वाचून तमिळमध्ये सांगायच्या, आणि माझी मुलगी मध्ये बसून दोन्हीकडे पोचवायची. तिला कधीकधी तीन वेगळ्या गोष्टी मिळायच्या. आईचा राजा अजूनही भाकरी खात होता.

एकदा भांडण झालं. पाट्टींच्या मते वेताळ शेवग्याच्या झाडावर राहतो. तमिळमध्ये तशी म्हणच आहे, माणूस जुन्या सवयीवर गेला की म्हणतात, वेताळ पुन्हा शेवग्यावर चढलं. आईला हे अजिबात पटेना. “शेवग्याची फांदी पोराच्या वजनानं मोडती, मढं कसं लटकंल?” मुलीनं भाषांतर केलं. पाट्टींनी आमच्याच अंगणातल्या शेवग्याकडे बोट दाखवलं, जणू तिथे पुरावा आहे. मी मध्यस्थी म्हणून सांगितलं की सोमदेवाच्या ‘कथासरित्सागरा’त ते झाड शिंशपा आहे, म्हणजे शिसव. दोघींनीही माझ्याकडे दुर्लक्ष केलं.

त्याच दिवसांत मी जालावर चांदोबाचे जुने अंक शोधून काढले आणि आठ-दहा पानं छापून आईला दिली. ते देताना माझ्या तोंडून निघून गेलं, “बाबांनी रद्दीत घातले नसते तर आज आपलेच असते.” १९९४ साली मी इंजिनीअरिंगला सांगलीला गेले आणि दिवाळीत परत आले तर पत्र्याची पेटी रिकामी. बाबा म्हणाले, मी घातले रद्दीत, जागा अडत होती. मी त्यांच्याशी ती अख्खी सुट्टी धड बोलले नाही. नंतर बोलले, पण ते मनात राहिलंच.

आई कागदांवरनं नजर न उचलता म्हणाली, “त्यांनी नाही. मी घातली.”

मेसची अनामत भरायची होती. बाबांनी उसने आणलेले पैसे कमी पडत होते. तिनं भांड्यांबरोबर अंकही काढले. बाबा संध्याकाळी घरी आले, रिकामी पेटी बघितली आणि म्हणाले म्हणे, पोरगी तुझ्यावर रागावंल, माझं नाव सांग, मला सवय आहे. पंचवीस वर्षं दोघांनी ते तसंच ठेवलं. बाबा गेले तेव्हाही आई बोलली नव्हती. मी विचारलं, आता का सांगितलंस? ती म्हणाली, “चित्रं बघितली म्हणून.”

मी उठून स्वयंपाकघरात गेले. त्याहून जास्त काही मला सांगता येणार नाही.

रस्ते सुरळीत झाल्यावर मी त्या दोघींना आणि मुलीला गाडीत घालून वडपळनीला नेलं. अंकावरचा पत्ता आईला पाठ होता, वडपळनी, मद्रास-२६. लहानपणी मला ते गोष्टीतल्याच एका नगरीचं नाव वाटायचं. तिथे पूर्वी विजया-वाहिनी स्टुडिओ होता. आता त्या आवारात मोठा मॉल आहे, शेजारी विजया हॉस्पिटल. चांदोबा केव्हाच बंद पडलाय. २००७ मध्ये मुंबईच्या एका कंपनीनं तो घेतला आणि पुढच्या काही वर्षांत अंक निघायचे थांबले. शंकर यांना २०२१ मध्ये मरणोत्तर पद्मश्री जाहीर झाली. आई मॉलच्या सरकत्या जिन्यावर चढायला घाबरली. पाट्टींनी तिचा हात धरला आणि म्हणाल्या, “वांग, अक्का.” अक्का आपल्याही सोलापूरकडची. भाषांतर लागलं नाही.

आई २०२१ च्या शेवटी बार्शीला परत गेली. मी अडवलं नाही. जाताना पाट्टींनी तिला अंबुलिमामाचा एक खंड दिला, तिला एक अक्षर वाचता येत नाही तरी. मुलगी आता मराठी बऱ्यापैकी वाचते. रविवारी फोनवर आजीला छापलेल्या पानांतली गोष्ट वाचून दाखवते, आणि आजी तिकडून समोरच्या तमिळ खंडातलं चित्र बघत बघत तिच्या चुका काढते. गोष्टी बहुधा वेगळ्याच असतात.

फोन ठेवायच्या आधी ती एकच विचारते, “शेवग्याला शेंगा धरल्या का, विचार गं तिला.”